मराठवाड्यातून कळसूबाईकडे : पहिल्यांदा उंच शिखर चढताना

मराठवाड्यातल्या माणसाला चालणे शिकवावे लागत नाही. आषाढीच्या वारीत दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालणारी माणसे आपल्याकडे गावोगावी आहेत आणि मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांच्या उन्हात दिवसभर शेतात वावरणारी तर घरोघरी. असे असूनही परभणीहून नवख्या मंडळींना घेऊन सह्याद्रीत जाऊ लागले, तेव्हापासून एक गोष्ट मला वारंवार दिसत आली आहे. आपली माणसे डोंगरात ताकदीला कमी पडत नाहीत, सवयींमुळे अडचणीत येतात. तहान लागेपर्यंत पाणी न पिणे, पाऊस आला की आनंदाने त्यात उभे राहणे, वाट हरवली की ओढ्याच्या काठाने गाव गाठणे, रात्रभर प्रवास करून सकाळी थेट कामाला लागणे या सवयी आपल्या पठारावर चालून जातात, काही तर शहाणपणाच्याही ठरतात. डोंगरात मात्र त्याच उलट्या पडतात. म्हणून पहिल्या शिखराची तयारी करताना दम वाढवण्याइतकेच या सवयी ओळखून बाजूला ठेवणेही महत्त्वाचे आहे. हे लेखन त्यासाठीच केले असून, त्यात उदाहरणादाखल महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई घेतले आहे.

पहिले शिखर कळसूबाईच का

कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, नाशिक जिल्ह्याच्या सीमेवर हे शिखर उभे असून पायथ्याच्या बारी या गावातून चढाईची नेहमीची वाट सुरू होते. वाट चांगली मळलेली आहे, कातळाच्या उभ्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत आणि पायथ्याशी जेवणाची व मुक्कामाची सोय होते. दोर बांधून चढण्याचे तंत्र इथे लागत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला उंची, खडा चढ, उघडा वारा आणि लांबलचक उतार या चारही गोष्टींचा खरा अनुभव येथे मिळतो, आणि काही चुकले तर मदत फार दूर नसते.

आकड्यांचा अंदाज आधीच घ्यावा. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे, तर नांदेड सुमारे ३६० मीटरवर. बारी गाव स्वतःच बऱ्याच उंचीवर असल्यामुळे पायांनी चढायची उंची साडेआठशे मीटरच्या आसपास भरते. आपल्या देवगिरी किल्ल्याचा डोंगर पायथ्यापासून साधारण दोनशे मीटर उंच आहे. म्हणजे एका दिवसात चार देवगिरी एकावर एक रचून चढायचे आणि तेवढेच उतरायचे, असा हा हिशेब आहे.

उंचीवर हवा विरळ होते म्हणून त्रास होईल, अशी भीती अनेकांना वाटते. कळसूबाईच्या बाबतीत ती बाळगण्याचे कारण नाही. उंचीचा आजार साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. इथे दम लागतो तो चढामुळे, आणि त्यावर उपाय म्हणजे वेग कमी करणे. हिमालयाची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे शेवटी वळू.

आणखी एक नाते सांगायला हवे. कळसूबाईच्या उतारांवर पडलेले पाणी कृष्णवंती नदीतून प्रवरेला मिळते, प्रवरा नेवाशाजवळच्या प्रवरासंगमाला गोदावरीत उतरते आणि गोदावरी ते पैठणच्या नाथसागरात आणून सोडते. संभाजीनगर आणि जालन्याच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा काही वाटा अशा रीतीने याच डोंगरावरून येतो. त्या डोंगरावर प्लास्टिकची रिकामी बाटली टाकून येणाऱ्या माणसाला मी हे आवर्जून सांगते.

घरच्या घरी तयारी

तयारीला किमान आठ आठवडे द्यावेत. रोज सपाट रस्त्यावर तासभर चालणाऱ्याला आपली तयारी झाली असे वाटते, पण सपाट चालण्याने फक्त पाया तयार होतो. चढताना मांडीचे आणि पोटऱ्यांचे स्नायू शरीराचे वजन वर उचलतात. उतरताना तेच मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलून शरीराला आवर घालत असतात. या दुसऱ्या प्रकारच्या कामाची सवय आपल्याकडच्या सपाट जमिनीवर कोणालाच नसते. त्यामुळे शिखरावर हसत पोहोचलेली माणसे उतरताना अर्ध्या वाटेत थरथरत्या पायांनी बसलेली दिसतात. उतरण्याचा सराव चढण्याइतकाच करावा, किंबहुना थोडा अधिकच.

ज्यांच्या जवळ डोंगर आहे त्यांनी त्याचा उपयोग करावा. संभाजीनगरकरांना देवगिरी आहे आणि कन्नडच्या बाजूला अंतूरचा किल्ला व गौताळ्याचे जंगल आहे. बीडच्या मंडळींना बालाघाटाच्या रांगा आणि कपिलधारचा परिसर आहे, नांदेडकरांना माहूरचे डोंगर आहेत, धाराशिवच्या लोकांना येडशीच्या रामलिंगाचा परिसर आणि तुळजापूरचा घाट आहे. देवगिरीवर सकाळी लवकर जावे, अंधारी या किल्ल्यातल्या भुयारी वाटेतून वरच्या टोकापर्यंत एका संथ लयीत न थांबता चढावे आणि तितक्याच संथपणे, उड्या न मारता उतरावे. सहाव्या-सातव्या आठवड्यात एकाच सकाळी हे दोनदा करता आले आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या फारशा दुखल्या नाहीत, तर पाय तयार होत आहेत असे समजावे.

परभणी, लातूर, हिंगोली अशा सपाटीवरच्या गावांत जिना हाच डोंगर. इमारतीचा एक मजला साधारण तीन मीटरचा धरला, तर कळसूबाईची चढाई दोनशे ऐंशीच्या वर मजल्यांची होते. हा आकडा घाबरवण्यासाठी सांगितलेला नाही, कारण एवढे मजले सरावात एका दिवशी चढायचेच नसतात. पहिल्या आठवड्यात वीस मजले चढून वीस उतरावेत, आठवड्यातून तीन दिवस. पुढे दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत आठव्या आठवड्यात ऐंशी ते शंभर मजल्यांपर्यंत पोहोचावे. चौथ्या आठवड्यापासून पाठीवर चार-पाच किलोंची सॅक घ्यावी, तिच्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या की वजन मोजण्याची गरज उरत नाही. आणि चढून झाल्यावर लिफ्टने खाली येऊ नये, कारण सरावाचा अर्धा भाग त्या लिफ्टमध्येच वाया जातो.

वेग किती असावा, हे ठरवायला घड्याळ लागत नाही. चढता चढता सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास तुटत असेल, तर वेग जास्त आहे. हा नियम सरावात अंगवळणी पडला, तर डोंगरात तो आठवावा लागत नाही.

हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा गुडघ्यांचे जुने दुखणे असणाऱ्यांनी आणि चाळिशी ओलांडल्यावर प्रथमच असा श्रम करणाऱ्यांनी तयारी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे, निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे. छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घेरी यांपैकी काहीही सरावात जाणवले, तर ते दमाच्या खात्यावर टाकू नये.

केव्हा जावे आणि पावसाविषयी थोडे

पहिल्या चढाईसाठी ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. आकाश स्वच्छ असते, वाट कोरडी असते आणि दूरवरचे दिसते. मार्चनंतर ऊन चढते. बारीच्या वाटेवर दाट सावली थोडी असल्याने उन्हाळ्यात जायचेच असेल, तर पहाटे अंधारात निघून नऊ-दहाच्या आत उतरायला लागावे.

पावसाळ्याबद्दल मला थोडे कठोर बोलावे लागेल. आपल्याकडे पाऊस ही वाट पाहण्याची गोष्ट आहे. दोन पेरण्या वाया गेलेल्या माणसाला पावसाची भीती वाटत नाही आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु मराठवाड्यात वर्षभरात सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस होतो, तर इगतपुरी-भंडारदऱ्याच्या पट्ट्यात त्याच्या चौपटीच्या आसपास, तोही मुख्यतः चार महिन्यांत. तिथला पाऊस आपल्या सरींसारखा येऊन जात नाही. तो दिवस दिवस पडतो, धुक्याने दहा पावलांपुढचे दिसत नाही, शेवाळलेला कातळ साबणासारखा होतो आणि सकाळी उडी मारून ओलांडलेला ओढा दुपारी कमरेएवढा वाहतो. भिजलेले कपडे आणि शिखरावरचा वारा एकत्र आले, की जुलै महिन्यातही अंगाचे तापमान धोकादायकरीत्या उतरू शकते. त्यातच पावसाळ्यातल्या शनिवारी-रविवारी या शिखरावर एवढी गर्दी होते, की शिड्यांवर रांगा लागतात. पहिली चढाई पावसाळ्यात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना हिरवा डोंगर पाहायचाच आहे, त्यांनी सप्टेंबरच्या अखेरीस, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, हवामान खात्याचा इशारा पाहून जावे. नवरात्रात देवीची यात्रा भरते. भक्ती म्हणून जायचे असेल तर तेव्हा अवश्य जावे, परंतु चढाई शिकण्यासाठी ते दिवस योग्य नाहीत.

वीज मात्र आपल्याला चांगली माहीत आहे. मे महिन्यातल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसात मराठवाड्यात दरवर्षी माणसे आणि जनावरे विजेने दगावतात. उघडे शिखर आणि त्यावर लोखंडी शिड्या व कठडे, यांहून वाईट जागा अशा वेळी नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर कापायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणून तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे. अशा वेळी शिखराचा विचार सोडून तात्काळ खाली उतरावे आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास पुन्हा वर जाऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले दामिनी हे ॲप फोनवर घेऊन ठेवावे, जवळपासच्या विजांची सूचना ते देते. वळवाचा पाऊस सहसा दुपारनंतर येतो, म्हणून दुपारी बाराच्या आत शिखर सोडण्याचा नेम या दिवसांत पाळावा.

पायात, पाठीवर आणि डब्यात

नवे बूट घालून पहिल्यांदा डोंगरात जाणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. बूट निदान तीन आठवडे आधी घ्यावेत आणि सगळा जिन्याचा सराव त्यातच करावा. तळाला खोल खाचा असाव्यात, आणि पुढे अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी, कारण उतरताना पाय पुढे सरकतो आणि घट्ट बुटात नखे काळीनिळी पडतात. निघण्यापूर्वी पायाची नखे कापावीत. मोज्यांचा एक कोरडा जोड जास्तीचा असावा. स्थानिक बाया-बापडे अनवाणी किंवा साध्या चपलेवर शिखर गाठताना दिसतील. त्यांचे पाय लहानपणापासून त्या दगडावर घडलेले आहेत, त्यांची बरोबरी करायला जाऊ नये.

कपडे अंगभर, सैल आणि लवकर वाळणारे असावेत. जाड सुती कपडा घामाने भिजतो आणि वाऱ्यात गार पडतो. जीन्स घालूच नये. उंची वाढते तसे तापमान दर शंभर मीटरला साधारण अर्ध्या-पाऊण अंशाने उतरते आणि शिखरावर वारा सतत असतो, म्हणून घामाने निथळत वर पोहोचताच स्वेटर किंवा वारा अडवणारे जाकीट चढवावे. टोपी, एक साधी काठी, विजेरी आणि तिचे जादा सेल, शिट्टी, प्रथमोपचाराची पिशवी, रोजची औषधे, थोडी रोख रक्कम आणि कचरा परत आणण्यासाठी एक पिशवी एवढे पुरे. विजेरी दिवसाच्या चढाईलाही घ्यावी, कारण एखाद्याचा पाय मुरगळला, की दिवसाची चढाई रात्रीपर्यंत लांबते.

पाणी माणशी तीन लिटर, उन्हाळ्यात त्याहून अधिक. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे आणि वाटेत लिंबू-सरबत विकणारे गावकरीही भेटतात, तरी त्यांच्या भरवशावर रिकाम्या हाताने निघू नये. इथेच आपली पहिली सवय आड येते. उन्हातान्हात तहान मारून काम करण्याचा आपल्याला अभिमान असतो, परंतु तहान जाणवते तोवर शरीरातले पाणी कमी झालेलेच असते आणि चढावर त्याचा परिणाम पायात गोळे येण्यात होतो. दर वीस मिनिटांनी चार घोट, तहान असो वा नसो, हा नियम गटातल्या एकाने सर्वांना आठवण करून देत पाळावा. एक लिटर पाण्यात सपाट भरलेले सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवले, की घरगुती जलसंजीवनी तयार होते. साखर-मिठाचे हे प्रमाण अंदाजाने बदलू नये.

खाण्याच्या बाबतीत मात्र आपली शिदोरी कोणत्याही पाकीटबंद पदार्थापेक्षा सरस आहे. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात, धपाटे थंड असतानाही चवीला उतरत नाहीत आणि सोबत शेंगदाण्याची चटणी असली की जेवण पूर्ण होते. चढताना मात्र पोटभर खाऊ नये. गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, खजूर असे काहीतरी दर तासाला थोडे थोडे खावे आणि धपाट्यांचा डबा शिखरावर उघडावा. शिखरावर माकडे असतात, त्यांना काही देऊ नये आणि डबा उघडा ठेवून फोटो काढायला उठू नये.

प्रवास आणि झोप

मराठवाड्यातून जाण्याचे दोन सोयीचे मार्ग आहेत. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगरकडच्या मंडळींनी मनमाडमार्गे मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेने नाशिक रोड किंवा इगतपुरी गाठावे, तिथून घोटीला यावे आणि घोटी-भंडारदरा रस्त्याने बारीला पोहोचावे. गाडी कोणत्या स्थानकावर थांबते ते तिकीट काढतानाच पाहावे. बीड, लातूर, धाराशिवच्या लोकांना अहिल्यानगर, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्त्याचा मार्ग जवळ पडतो.

कोणत्याही मार्गाने गेलात, तरी एक दिवस आधी पोहोचा आणि बारीत किंवा भंडारदऱ्याला मुक्काम करा. रात्रभर जीपमध्ये बसून पहाटे थेट चढायला लागणारे गट मी दर हंगामात पाहते, आणि आमच्या पहिल्या सहलीत आम्हीही तेच केले होते. चढताना उत्साहात काही जाणवले नाही. उतरताना आमच्यातल्या एकीचा डोळा चालता चालता मिटला आणि ती घसाऱ्यावर आडवी झाली. मनगटावर निभावले. त्या दिवसापासून झोप न झालेल्या कोणालाही मी डोंगरावर नेलेले नाही. मुक्कामाच्या खर्चाची काळजी असेल, तर गावातल्या घरांत जेवण-मुक्कामाची व्यवस्था माफक पैशांत होते आणि तो पैसा गावात राहतो, हाही त्यातला लाभ आहे.

निघण्यापूर्वी घरी कोणाला तरी सांगून ठेवावे, की आम्ही इतके जण अमुक वाटेने जात आहोत आणि अमुक वेळेपर्यंत उतरून फोन करू. एवढी वेळ उलटून दोन तास झाले तर काय करायचे, हेही त्याच्याशी आधीच ठरवावे. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक सर्वांच्या लक्षात असावेत.

प्रत्यक्ष चढाई

सकाळी साडेपाच-सहाला निघावे. नवख्याने तासाला अडीचशे मीटर उंचीचा हिशेब धरावा, म्हणजे विश्रांतीसह साडेतीन ते चार तासांत शिखर येते. उतरायला अडीच ते तीन तास लागतात. या हिशेबावरून माघारी फिरण्याची वेळ पायथ्याशीच ठरवावी. अकरापर्यंत शिखर आले नाही, तर जिथे असू तिथून फिरायचे, असा निर्णय झोप झालेल्या डोक्याने आणि सर्वांच्या संमतीने आधी झालेला असावा. वर दमलेल्या अवस्थेत, शिखर समोर दिसत असताना असा निर्णय कोणाकडूनही होत नाही.

पहिली वीस मिनिटे मुद्दाम फार हळू चालावे. वारीत चालणाऱ्यांना हा भाग सर्वांत जड जातो, कारण सपाटीवरची त्यांची लय वेगवान असते आणि हळू चालणे त्यांना मागे पडल्यासारखे वाटते. चढावर पावले लहान टाकावीत, शक्यतो पूर्ण पाऊल टेकवावे, पुढचा पाय ठेवल्यावर मागचा गुडघा क्षणभर सरळ करून वजन हाडांवर येऊ द्यावे आणि मग पुढचे पाऊल उचलावे. या अर्ध्या क्षणाच्या थांब्याने मांडीला प्रत्येक पावलाला विसावा मिळतो. चढ फार उभा असेल, तर सरळ न जाता नागमोडी जावे. थांबायचे तेव्हा उभ्यानेच दोन मिनिटे थांबावे. दहा मिनिटे बसले, की स्नायू गार पडतात आणि पुन्हा उठणे जिवावर येते. गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा असावा. त्याला शेवटी न ठेवता पुढून दुसरा ठेवावा आणि सर्वांत अनुभवी माणसाने शेवटी राहावे. पुढे गेलेले लोक थांबून मागच्याची वाट पाहतात आणि तो पोहोचताच निघतात, तेव्हा ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज असते त्यालाच ती मिळत नाही.

शिडीपाशी आल्यावर काठी सॅकला बांधावी, फोन खिशात ठेवावा आणि दोन्ही हात मोकळे करावेत. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन अवयव नेहमी शिडीवर टेकलेले असावेत. पुढचा माणूस टप्पा पार करेपर्यंत खालच्याने थांबावे. उतरतानाही तोंड शिडीकडेच असावे. पाठ शिडीला लावून जिन्यासारखे उतरणारे लोक दिसतील, त्यांचे पाहू नये. उंचीची भीती वाटणाऱ्याला हसू नये आणि ओढूही नये. त्याच्या खालच्या पायरीवर अनुभवी माणूस राहिला आणि नजर हाताच्या पुढच्या पायरीवर ठेवायला सांगितले, की बहुतेकांना जमते. तरीही कोणी नको म्हटले तर ते ऐकावे आणि एकाला सोबत देऊन परत पाठवावे.

डोंगरावर मोठमोठी आग्या मोहोळे असतात, तशी ती आपल्या अजिंठ्यालाही आहेत. उग्र अत्तर लावू नये, धूर करू नये, आरडाओरडा करू नये. माश्या उठल्याच, तर हात न झटकता डोके आणि चेहरा कपड्याने झाकून तिथून दूर जावे.

शिखरावर कळसूबाईचे छोटे मंदिर आहे. भोवतालच्या आदिवासी गावांची ही देवी आहे. तिथे पादत्राणे काढावीत, दर्शनाला आलेल्यांना आधी जागा द्यावी आणि गाणी वाजवू नयेत. आकाश स्वच्छ असेल तर पश्चिमेकडे अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले एकापुढे एक दिसतात, दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय आणि रतनगडाची बाजू. आयुष्यभर क्षितिज सपाट पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हे दृश्य बराच वेळ उमगतच नाही. माझ्याबरोबर आलेल्या सोनपेठकडच्या एका आजींनी तिथे बसून पाऊण तास एक शब्दही उच्चारला नव्हता. डबा खाऊन, पाणी पिऊन, बुटांच्या नाड्या पुन्हा बांधून मगच उठावे.

उतार

खरी परीक्षा आता सुरू होते. मुरमाड वाटेवर बारीक खडीचा घसारा असतो आणि तो कोरड्या दिवसांत जास्त फसवतो. नाडी घोट्यापाशी घट्ट बांधावी, म्हणजे पाय बुटात पुढे सरकत नाही. गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत, पावले लहान आणि आवाज न करणारी असावीत. पाऊल धपकन पडत असेल, तर तो धक्का गुडघा सोसत आहे असे समजावे. काठी एक पाऊल पुढे टेकवावी. घसाऱ्यावर भीतीने मागे कलण्याची इच्छा होते, पण मागे कलले की टाच निसटते. अंग किंचित पुढे आणि वजन पायाच्या बरोबर वर ठेवावे. धावत उतरणे सोपे वाटते आणि बहुतेक घोटे त्यातच मुरगळतात.

वाट चुकल्यास काय करावे, हे नीट लक्षात घ्यावे, कारण आपली सर्वांत धोकादायक सवय इथे आहे. आपल्या पठारावर ओढा धरून खाली गेले, की नदी, नदीकाठी गाव आणि गावात माणसे मिळतात. पिढ्यान्‌पिढ्या हे खरे ठरत आलेले आहे. सह्याद्री मात्र लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेला असल्याने त्याचे उतार जिन्यासारखे आहेत, आणि प्रत्येक पायरीच्या टोकाला ओढा कड्यावरून खाली पडतो. ओढा धरून उतरणारा माणूस आधी एखादा लहान टप्पा कसाबसा उतरतो, पुढे मोठ्या कड्याच्या तोंडाशी येतो आणि मागचा टप्पा परत चढता येत नाही म्हणून मध्येच अडकतो. म्हणून वाट हरवली असे वाटताच थांबावे, पाणी प्यावे आणि ज्या जागी वाट नक्की बरोबर होती तिथपर्यंत उलटे जावे, त्यात कितीही चढ परत चढावा लागला तरी. ते जमत नसेल, तर सर्वांनी एकत्र, उघड्यावर दिसेल अशा जागी थांबावे, शिट्टी वाजवावी आणि फोनची बॅटरी जपून वापरावी. गट फोडून दोघांना वाट शोधायला पाठवण्याचा मोह आवरावा.

सर्पदंश झाला, तर त्या माणसाला चालवू नये, जखम कापू-चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता त्याला उचलून लवकरात लवकर रुग्णालयात न्यावे.

खाली आल्यानंतर

बारीत उतरल्यावर लगेच गाडीत बसू नये. कोरडे मोजे आणि कपडे घालावेत, पोटभर जेवावे, दहा मिनिटे सावकाश फिरून पाय मोकळे करावेत आणि शक्य असेल तर ती रात्रही तिथेच काढावी. दमलेल्या माणसाने रात्री गाडी चालवत परभणी-लातूर गाठणे हा संपूर्ण सहलीतला सर्वांत मोठा धोका ठरू शकतो. स्नायूंचे दुखणे त्या दिवशी फारसे जाणवत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते आणि मग आपोआप उतरते. त्या दिवसांत हलके चालत राहावे. एकाच सांध्यात टोचणारी कळ, सूज किंवा पाय टेकवता न येणे ही मात्र दुखापतीची लक्षणे आहेत.

पहिल्या शिखरानंतर अनेकांना थेट हिमालय दिसू लागतो. तिकडे जाण्यापूर्वी एवढे जाणून घ्यावे, की तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवायची नसते आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्कामाची उंची अजिबात वाढवायची नसते. डोके दुखणे, मळमळ, भूक जाणे, झोप न लागणे ही उंचीच्या आजाराची सुरुवात असते. ती असताना आणखी वर जाऊ नये. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागीही धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरवणे हाच पहिला उपाय आहे. चांगला दम असलेल्या तरुणालाही हा आजार होतो, कारण तो ताकदीवर अवलंबून नसून चढण्याच्या घाईवर अवलंबून असतो.

त्याआधी सह्याद्रीतच पुष्कळ शिकण्यासारखे आहे. कळसूबाईहून परतल्यावर एका वहीत लिहून ठेवावे : किती वाजता निघालो, प्रत्येक शिडीपाशी किती वाजता पोहोचलो, किती पाणी संपले, उतरताना पाय कुठे थरथरू लागले, सॅकमधली कोणती वस्तू बाहेर काढलीच नाही. पुढच्या खेपेला १४२४ मीटरच्या हरिश्चंद्रगडाचा किंवा नाशिक जिल्ह्यातल्या १५६७ मीटर उंचीच्या साल्हेर किल्ल्याचा बेत आखताना, किती वाजता निघायचे आणि किती वाजता फिरायचे, हे त्या पानावरून ठरवता येते.